एका दिवसाची तबकडी

एका दिवसात काय होते? आपल्याकडे दिवाळीत चकल्यांचा एक घाणा बिघडला तर दुसरा घालावा लागतो आणि दुपार तिथेच सरते. पण लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात 11 फेब्रुवारी 1963 रोजी चार तरुणांनी सकाळी दहापासून रात्री पावणेअकरापर्यंत, मधल्या सुट्ट्या वगळता पावणेदहा तासांत, दहा गाणी ध्वनिमुद्रित केली. त्या तबकडीचे नाव ‘प्लीज प्लीज मी’, आणि ते चौघे म्हणजे बीटल्स.

जॉन लेनन आणि रिंगो स्टार बावीस वर्षांचे, पॉल मॅकार्टनी वीस वर्षांचा आणि जॉर्ज हॅरिसन तर एकोणीसचाच. सारे लिव्हरपूल या बंदराच्या गावातले. वर्षापूर्वी, 1 जानेवारी 1962 रोजी, डेक्का कंपनीने त्यांची गाणी ऐकली होती आणि नंतर त्यांना नकार दिला होता. तेव्हा ब्रायन एपस्टाइन या त्यांच्या व्यवस्थापकाने उंबरठे झिजवले, आणि अखेर ई.एम.आय.च्या पार्लोफोन या छापाचे प्रमुख जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना जवळ केले. विनोदी तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गृहस्थाने या पोरांना पारखावे, हाही दैवाचा विनोदच! या वाटेवर एकाचा बळी मात्र गेला. ऑगस्ट 1962 मध्ये ड्रम वाजवणाऱ्या पीट बेस्टला काढून रिंगोला घेण्यात आले. यशाच्या कथेत मागे राहिलेल्याचे नाव बहुधा तळटिपेतच उरते.

जानेवारी 1963 मध्ये निघालेली ‘प्लीज प्लीज मी’ ही छोटी तबकडी भराभर खपू लागली, तेव्हा लोखंड तापलेले असतानाच घाव घालायचे मार्टिन यांनी ठरवले. लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबातला जल्लोषच टिपावा, असा त्यांचा आधी विचार होता. तो सुटला, तरी सूत्र तेच राहिले: मंडळी रंगमंचावर गातात तशीच गाऊ द्यावीत. फीत दोनच मार्गांची. चुकलेला सूर नंतर सावरून घेण्याची सोय फारशी नव्हती. चौदांपैकी चार गाणी आधीच तयार होती. राहिलेली दहा त्या एका दिवसात उरकायची होती.

त्यातच लेननला सर्दी झालेली. दिवसभर घशात गोळ्या चघळत त्याने निभावून नेले. ‘ट्विस्ट अँड शाऊट’ हे घसा फाडून म्हणायचे गाणे मार्टिन यांनी मुद्दाम शेवटी ठेवले. आधी घेतले असते तर पुढच्या गाण्यांना आवाजच उरला नसता. रात्री लेननने ते एकदा म्हटले. दुसऱ्यांदा म्हणायला गेला, तर आवाज संपला होता. तबकडीवर पहिलेच गायन राहिले. त्यात तुटत चाललेला कंठ ऐकू येतो, आणि त्याच तुटण्यात त्या गाण्याचा जीव आहे.

22 मार्च 1963 रोजी तबकडी निघाली. मे महिन्यात ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि सलग तीस आठवडे तिथे राहिली. तिला खाली खेचले ते याच चौघांच्या दुसऱ्या तबकडीने.

मग हे खरोखर एका दिवसाचे काम म्हणायचे काय? 1960 पासून हॅम्बुर्गच्या गुत्त्यांत या मुलांनी रात्रीमागून रात्री तासन्‌तास गाऊन काढल्या होत्या. आपल्या संगीत नाटकांत रात्र रात्र ‘वन्समोअर’ घेणाऱ्या नटाला ही तालीम ओळखीची वाटली असती. 1968 च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईच्या एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात आपल्याकडच्या वादकांसह काम करायला आला, तेव्हा समोर बसलेली माणसेही अशीच रियाजात पिकलेली होती.

तबकडी एका दिवसात भरते खरी. पण तिच्यात उतरणारा आवाज भरायला वर्षे लागतात.