बंद पडली तर उघडणार कोण?

नव्या कंपनीची बाईक घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘टिकेल ना?’ १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली तेव्हा माझ्या बाबांच्या पिढीला तो जास्तच छळायचा. बजाजची चेतक १९७२ पासूनची, आकुर्डीची, म्हणजे घरचीच! टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, चालू होईना तर तिरकी करा, प्लग काढून पुसा. भरवसा म्हणजे गाडी बंद न पडणं नव्हे. पडलीच तर कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ती उघडता येणं. मला हे शहाणपणाचंच वाटतं. वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेली स्कूटर चालवायचीही तितकीच वर्षं.

सीडी १०० चं ९७ सीसीचं इंजिन मात्र फोर-स्ट्रोक. आत व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन... एवढ्या भानगडी बिघडल्या तर? शंका रास्तच. पण टू-स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जातं, फोर-स्ट्रोकमध्ये ते वाचतं. मध्यमवर्गाला हा हिशोब लगेच कळला. २००१ पर्यंत हीरो होंडा जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी झाली होती. २००९ साली बजाजने स्कूटर बनवणंच सोडायचं ठरवलं.

२०२० साली चेतक परत आली, इलेक्ट्रिक होऊन. तिची बॅटरी कोपऱ्यावरचा मेकॅनिक उघडत नाही.