भाव आधी, चव नंतर
आता १८५५ सालची बोर्दोची यादी घ्या. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिथल्या दलालांनी रेड वाइनचे पाच वर्ग पाडले. कशावरून? चाखून नव्हे, वर्षानुवर्षं बाजारात मिळालेल्या भावावरून! दलालच ते, भाव तोंडपाठ. मग महाग म्हणून उत्तम आणि उत्तम म्हणून महाग, असं चक्र सुरू झालं. मुताँ रोथशिल्डला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात यायला १९७३ उजाडलं. पुढे तीनच वर्षांनी, पॅरिसमध्येच, स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइनविक्रेत्यानं लेबलं झाकून नऊ फ्रेंच जाणकारांना वाइन चाखायला दिली. रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, मुताँ दुसरी. निकाल ऐकून एका परीक्षक बाईंनी म्हणे आपली गुणपत्रिकाच परत मागितली.