पाकिस्तानचा सर्वात मोठा फिरकीपटू कोण? टपरीवरचा वाद आणि माझी एक कापलेली बातमी

परवा रात्री स्टँडजवळच्या टपरीवर पुन्हा वाद पेटला. आमच्या गावात दोनच विषयांवर आवाज चढतो, नळाचं पाणी आणि क्रिकेट. पाणी त्या दिवशी आलं होतं, त्यामुळे क्रिकेट निघालं. विषय असा की, पाकिस्तानचा आजवरचा सर्वात मोठा स्पिनर कोण? पन्नाशीतले दोघे म्हणाले अब्दुल कादिर. मी सकलेन म्हटलं. कॉलेजच्या पोराने मोबाईल काढून यासिर शाहचे आकडे वाचायला सुरुवात केली. तेवढ्यात बाकावरचा एक तरुण कार्यकर्ता वैतागून म्हणाला, "दादा, त्यांचं कौतुक कशाला? दुसरा विषय काढा की."

मी म्हटलं, "अरे बाबा, 'दुसरा'च तर विषय आहे!"

सगळे हसले, तोही हसला. पण त्याचा प्रश्न डोक्यात राहिला. म्हणून ही पोस्ट. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी आकडे, कारण आकड्यांवरूनच जास्त भांडण होतं. कसोटीत पाकिस्तानच्या फिरकीपटूंमध्ये सर्वाधिक विकेट दानिश कनेरियाच्या, ६१ कसोटींत २६१. त्याच्यामागे यासिर शाह २४४, कादिर २३६, सकलेन २०८, मुश्ताक अहमद १८५, सईद अजमल १७८ आणि डावखुरा इक्बाल कासिम १७१. नुसत्या बेरजेवर ठरवायचं तर वाद मिटला, कनेरिया. पण टपरीवर कुणीही त्याचं नाव घेतलं नाही. घेत नाहीत, याला कारण आहे. कराचीचा हा हिंदू मुलगा, अनिल दलपतनंतर पाकिस्तानकडून खेळलेला दुसरा हिंदू. इंग्लंडच्या कौंटीतल्या स्पॉट फिक्सिंग प्रकरणात २०१२ मध्ये त्याच्यावर आजीवन बंदी आली. सहा वर्षं नाकारल्यावर २०१८ मध्ये त्याने चूक कबूल केली. आकडे राहिले, माणूस चर्चेतून गेला.

अजमलचंही तसंच थोडंफार. फैसलाबादचा हा ऑफस्पिनर पहिली कसोटी खेळला तेव्हा वय ३१. तरी ३५ कसोटींत १७८ विकेट, सरासरी २८. २०१२ च्या सुरुवातीला संयुक्त अरब अमिरातीत इंग्लंडला पाकिस्तानने ३-० धुतलं, त्यात अजमलच्या २४ विकेट. आपल्याला तो आठवतो २०११ च्या मोहालीच्या सेमीफायनलमुळे. सचिन २३ वर पायचीत दिला होता, रिव्ह्यूत वाचला, ८५ केले, आणि शेवटी अजमलनेच काढला. पण २०१४ मध्ये बॉलिंग ॲक्शन बेकायदा ठरली आणि पुढे तो अजमल परत दिसलाच नाही.

यासिरचा पोरगा म्हणतो ते चूक नाही. ३३ कसोटींत २०० विकेट, हा विश्वविक्रम आहे. आधीचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या क्लॅरी ग्रिमेटचा होता, ३६ कसोटींचा, आणि तो ८० वर्षांहून जास्त टिकला होता. शिवाय यासिर आणि अजमल यांनी बहुतेक कारकीर्द घराबाहेर काढली. मार्च २००९ मध्ये लाहोरला श्रीलंकेच्या टीमच्या बसवर अतिरेक्यांनी हल्ला केला, त्यानंतर दहा वर्षं पाकिस्तानात कसोटी झाली नाही. 'होम' म्हणजे दुबई-अबुधाबी, तिथली रिकामी स्टेडियमं. टाळ्या वाजवायलाही कुणी नाही, अशा मैदानावर या दोघांनी विकेट काढल्या.

आता माझा सकलेन. इथे मी तटस्थ नाही, आधीच सांगतो.

३१ जानेवारी १९९९, रविवार. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो आणि एका दैनिकात बिनपगारी हाताखाली काम करत होतो. बारा वर्षांनी पाकिस्तान भारतात कसोटी खेळायला आला होता. दिल्लीची खेळपट्टी शिवसैनिकांनी उखडली म्हणून पहिली कसोटी चेन्नईला हलवलेली. जिंकायला २७१ हवे होते. ५ बाद ८२ वरून सचिन आणि मोंगियाने मॅच ओढत आणली. सचिनची पाठ दुखून दुखून त्याला उभं राहवत नव्हतं. १३६ झाले, १७ रन बाकी, आणि सकलेनच्या चेंडूवर मारायला गेला तो उंच उडाला. खाली वसीम अक्रम. त्यानंतर तीन विकेट चार रनांत पडल्या. १२ रनांनी हरलो. सकलेनच्या दोन्ही डावांत पाच-पाच विकेट. पुढे दिल्लीला त्याने पुन्हा दहा काढल्या. ती कसोटी कुंबळेच्या एका डावातल्या दहा विकेटसाठी आठवते, म्हणून सकलेनच्या दहा कुणाला आठवत नाहीत.

ऑफिसच्या टीव्हीसमोर आम्ही सगळे सुन्न. आणि पडद्यावर दिसलं, चेन्नईचे प्रेक्षक उभे राहिलेत. पाकिस्तानची टीम मैदानाला फेरी मारतेय आणि अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवतंय.

मी त्यावर बातमी लिहिली. निम्मी सचिनवर, निम्मी सकलेन आणि त्या टाळ्यांवर. वरिष्ठांनी कागद हातात घेतला, दुसऱ्या अर्ध्या भागावर लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "हरलोय आपण. उद्या लोक पेपर जाळतील." मी गप्प बसलो. विशीतला पोरगा, काय बोलणार? पण खरं सांगतो, मला सकलेनचं वाईट वाटलं नाही. चेन्नईच्या त्या लोकांचं वाटलं. त्यांनी जे केलं ते आमच्या वाचकाला कळूच नये, असं आम्ही ठरवलं होतं.

असो. सकलेनने ऑफस्पिनला 'दुसरा' हे नवं हत्यार दिलं. ऑफस्पिनच्याच ॲक्शनने टाकलेला, पण उलट्या बाजूला वळणारा चेंडू. यष्टीमागून मोईन खान "दुसरा, दुसरा" ओरडायचा, तेच नाव जगभर झालं. उर्दूतला हा शब्द आपल्या मराठीत जसाच्या तसा आहे, त्यामुळे आपल्याला तो शिकावाच लागला नाही. वनडेत १६९ सामन्यांत २८८ विकेट. शेवटच्या ओव्हरांत स्पिनर चालतो हे त्याने दाखवलं. आणि शेवट कसा? २००४, मुलतान. सेहवागचे ३०९. सकलेन २०४ रन देऊन एक विकेट. गुडघे आधीच गेलेले. ती त्याची शेवटची कसोटी, वय अवघं २७.

म्हणजे उत्तर सकलेन? परवापर्यंत मी हेच म्हणत होतो. घरी येऊन पुन्हा विचार केला आणि मत बदललं. कारण सांगतो.

कादिरवर मोठा आक्षेप असा की तो घरचाच वाघ. आक्षेप खरा आहे. पाकिस्तानात ४० कसोटींत १६८ विकेट, सरासरी सुमारे २७. बाहेर २७ कसोटींत ६८, सरासरी ४७ च्या वर. त्यात त्या काळी पंच घरचेच असायचे. १९८७ ला लाहोरमध्ये इंग्लंडविरुद्ध त्याने ५६ रनांत ९ काढल्या, तेव्हा इंग्लंडवाले पंचांवर भडकले होते. निष्पक्ष पंचांचा आग्रह मात्र पाकिस्ताननेच आधी धरला होता. १९८६ ला लाहोरच्या कसोटीत उभे राहिलेले दोन भारतीय पंच म्हणजे व्ही. के. रामस्वामी आणि आपल्या मुंबईचे पिलू रिपोर्टर. आणि भारतात? १९८७ च्या बंगळूर कसोटीत कादिर टीममध्येच नव्हता. गावसकर शेवटच्या कसोटीत ९६ ला आऊट झाला, पाकिस्तान १६ रनांनी जिंकला, आणि नऊ-नऊ विकेट घेतल्या इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमदने. पाकिस्तानने भारतात पहिल्यांदा मालिका जिंकली ती या कसोटीमुळे, आणि तिच्यात कादिर नव्हता.

एवढं सगळं विरोधात असून कादिर का? तो काळ आठवा. वेस्ट इंडीजचे चार-चार फास्ट बॉलर, लिली, इम्रान, बोथम. आपल्या चंद्रशेखरची शेवटची कसोटी १९७९ ची. लेगस्पिन ही संपलेली कला, असं सगळे मानून चालले होते. त्या दहा-बारा वर्षांत हा माणूस नाचत, उड्या मारत यायचा आणि गुगली, फ्लिपर, लेगब्रेक सगळं टाकायचा. १९८६ ला फैसलाबादला १६ रनांत ६, वेस्ट इंडीज ५३ ऑल आऊट. १९८७ ला ओव्हलवर एका डावात ७, आणि पाकिस्तानने इंग्लंडमध्ये पहिली मालिका जिंकली. लेगस्पिन जिवंत आहे हे जगाला दिसत राहिलं ते त्याच्यामुळे.

मुश्ताक अहमद त्याला बघूनच घडला. त्याच मुश्ताकने १९९२ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये हिकला गुगलीवर पायचीत केला. आणि १९९४ ला लाहोरला आलेला शेन वॉर्न कुणाच्या घरी गेला? कादिरच्या. दोघं गालिच्यावर बसून चेंडू फिरवत राहिले. भाषा अर्धीमुर्धी, पण बोटं बोलत होती. वॉर्नची ऑस्ट्रेलिया तेव्हा कादिरच्याच देशाविरुद्ध मालिका खेळत होती, तरी त्याने हातचं काही राखलं नाही. १९८९ ला पेशावरच्या प्रदर्शनी सामन्यात सोळा वर्षांच्या सचिनने त्याला एका ओव्हरमध्ये चार सिक्स मारल्या, तेव्हाही कादिरने त्या पोराचं तोंड भरून कौतुकच केलं. ६ सप्टेंबर २०१९ ला लाहोरमध्येच कादिर गेला.

सर्वात जास्त विकेट कनेरियाच्या, सर्वात वेगवान यासिर, सर्वात हुशार सकलेन. पण ज्याच्याशिवाय बाकीच्यांची गोष्टच वेगळी झाली असती, तो कादिर. माझं मत त्याला. सकलेनला सॉरी.

आणि बाकावरच्या त्या मित्राला उत्तर. भाऊ, सीमेवरचं भांडण खरं आहे, तिथे गेलेला जवान खरा आहे, ते कुणी नाकारत नाही. पण चेन्नईच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांचं देशप्रेम कमी झालं नव्हतं. सचिनसाठी रडलेली माणसंच ती होती. पंचवीस वर्षांपूर्वी लाल पेनाखाली गेलेली ती अर्धी बातमी आज इथे लिहून टाकली, बरं वाटलं.

तुमचं मत कुणाला? कमेंटमध्ये सांगा. शिव्या दिल्यात तरी चालेल, फक्त आकडे बरोबर द्या.