अक्षरपटलाकडून ब्राउझरकडे

कचेऱ्यांतील संगणकव्यवहारात अक्षरपटलाची जागा ब्राउझरने घेतली, ही घटना सामान्यतः जुन्याचा समूळ लोप म्हणून वर्णिली जाते. रचनेच्या दृष्टीने पाहता हे मत एकांगी ठरते. आयबीएमने १९७१ साली ‘३२७०’ ही टर्मिनलमाला प्रसृत केली. तिच्या रूढ पडद्यावर २४ ओळी व प्रत्येक ओळीत ८० अक्षरे मावत. कारकून रकाने भरी, एक कळ दाबी आणि मगच सर्व मजकूर मुख्य संगणकाकडे जाई. १९९५ च्या एचटीएमएल २.० मधील अर्जही असाच भरून पाठवावयाचा असे. पुष्कळ ठिकाणी तर जुनी आज्ञावली तशीच ठेवून तिच्यापुढे ब्राउझरचे पृष्ठ उभे करण्यात आले.

पालटले ते हाताचे वळण आणि लिपीचे स्थान. कळफलकावर सरावलेली बोटे जे काम झरझर उरकीत, ते माउसमुळे मंदावले. ही तक्रार निराधार नव्हती. उलटपक्षी, समान रुंदीच्या चौकटींत जोडाक्षरे व मात्रा नीट बसत नसत. १९९१ साली युनिकोडमध्ये समाविष्ट झालेल्या देवनागरीला चित्ररूप पडद्यावर ही अडचण उरली नाही. म्हणून या स्थित्यंतराचे मूल्यमापन करताना वेगाची हानी व लिपीचा लाभ, दोन्ही हिशेबात धरणे अवश्य आहे.