तळटीप १२ : 'घाशीराम'ची कार्यक्रमपत्रिका

१२. प्रयोगाच्या दिवशी दाराशी वाटले जाणारे घडीचे माहितीपत्रक. 'घाशीराम कोतवाल'च्या बाबतीत ते जपणाऱ्याने आधी पाहावे ते संस्थेचे नाव. विजय तेंडुलकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात, राज्य नाट्य स्पर्धेसाठी झाला, आणि तो पीडीएचा, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचा होता. १९ प्रयोगांनंतर पीडीएने नाटक थांबवले. बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी स्थापली आणि जानेवारी १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू केले. म्हणून पीडीएचे नाव छापलेली प्रत त्या मोजक्या प्रयोगांचीच, आणि तिचे मोल फार मोठे आहे. दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद, नानाच्या भूमिकेत मोहन आगाशे, घाशीरामच्या भूमिकेत रमेश टिळेकर ही नावे परिचित. पण माणसांचा पडदा होऊन उभ्या राहणाऱ्या रांगेतल्या कलावंतांची नोंद मिळण्याची आशा अशाच कागदांत असते. हौशी रंगभूमीचा इतिहास त्यांच्यावाचून अपुरा राहतो.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) हेही राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र. तिथल्या जुन्या हौशी कलावंतांच्या घरी अशी पत्रके सापडली तर रद्दीत घालू नयेत. गंजलेली टाचणी हलक्या हाताने काढावी. गंज कागद खातो. पेनाने लिहिलेली तारीख वा पात्रबदल खोडू नये.