पैनगंगेच्या अलीकडची जागा

उमरखेडहून नांदेड जवळ, यवतमाळ लांब. पण पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे निजामी मुलूख, ही जुनी हद्द एमबीबीएसच्या प्रवेशातही मुलांच्या आड येत राहिली.

नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेज 1988 साली आले, यवतमाळला 1989 साली. तरी उमरखेडात बारावी केलेल्या मुलासाठी नांदेडचे दार अर्धवटच उघडे. 70:30 सूत्रानुसार 70 टक्के जागा त्या त्या विभागाच्याच. हा कोटा सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये रद्द केला. फार उशिरा, असे म्हणायला हरकत नाही.

मग घरोघरी नवा पेच सुरू झाला.

पहिल्या फेरीत लांबचे कॉलेज लागले, तर ते धरून ठेवायचे की नांदेडची वाट पाहायची? राज्याच्या प्रक्रियेत ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्ज भरला की मिळालेली जागा पक्की होते, पण पुढच्या फेऱ्यांतून नाव बाद. अर्ज न भरता पुढच्या फेरीत वरचे कॉलेज मिळाले, तर आधीची जागा आपोआप सुटते आणि ती दुसऱ्या कुणाला जाते. शिवाय 15 टक्के अखिल भारतीय कोट्याच्या फेऱ्या वेगळ्या. तिथे पहिल्या फेरीतून दंडाशिवाय बाहेर पडता येते, दुसरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत बुडते.