देवीची आज्ञा आणि गांवची दारू

तरुण मनुष्य दारू कां पितो, याचें उत्तर बहुधा त्याच्या स्वभावांत शोधलें जातें. खेड्यांत मात्र तें पुष्कळदां त्याच्या भोंवतालच्या पंगतींत सांपडतें. १९२२ सालीं ठाणें, नाशिक, डांग व सुरत या टापूंतील आदिवासी गांवांत जें घडलें, तें या दृष्टीनें मननीय आहे.

त्या गांवांत ताडी हें केवळ पेय नव्हतें. टंचाईच्या दिवसांत तें अन्नही होतें. मोहाच्या दारूचा नैवेद्य दाखविल्यावांचून देवकार्य होत नसे, आणि लग्न असो वा उत्तरकार्य, पाहुण्यापुढें ती ठेवावी लागे. वडीलधाऱ्यांनीं पुढें केलेला पेला नाकारणें म्हणजे त्यांचें आप्तपण नाकारणें. मिसरूड फुटलेल्या पोराला तें धैर्य कोठून यावें? पुढें १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें घरची भट्टी गुन्हा ठरली. चाल तशीच राहिली. दारू मात्र दुकानांतून उधारीवर येऊं लागली. दक्षिण गुजरातेंत हे दुकानदार बहुतेक पारशी होते. कर्जापायीं कित्येकांच्या जमिनी त्यांच्याकडे गेल्या.

अशा स्थितींत पालघरकडील कोळ्यांच्या किनाऱ्यावरून एका देवीची वार्ता निघाली. पुढें तिला सलाबाई म्हणूं लागले. मांडवाखालीं, हातांत तांबडें वस्त्र घेतलेल्या माणसांच्या अंगांत ती येई आणि आज्ञा करी: दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, नित्य स्नान करा, पारशी दुकानदाराशीं संबंध तोडा. डोंगर ओलांडीत ही लाट १९२२ च्या नोव्हेंबरांत सुरत जिल्ह्यांत पसरली. बाहेरचा सुधारक तिच्या मुळाशीं नव्हता. १९२३ च्या जानेवारींत शेखपूरच्या परिषदेस वल्लभभाई पटेल व कस्तुरबा आल्या, त्या आधींच हजारों लोकांनीं दारू सोडली होती.

या आज्ञेचें बळ केवळ भयांत नव्हतें. पिणें जसें साऱ्या गांवाचें होतें, तसें सोडणेंही साऱ्या गांवाचें झालें. पेला पुढें करणारा हातच मागें सरला, तेव्हां तरुणाला एकट्यानें नकार देण्याचें कारण उरलें नाहीं.

लाट पुढें ओसरली. पुष्कळजण पुन्हां पिऊं लागले. चौधरी समाजांत व्रत पाळणारे ‘वरजेला’ व जुन्या रीतीकडे वळलेले ‘सरजेला’ असे दोन तट पडले. एकच पंगत दुभंगली आणि नकाराचा भार पुन्हां एकेकट्याच्या खांद्यावर आला. तरुणांस उपदेश करणाऱ्यांनीं आधीं त्यांच्या वडिलांच्या पंगतीकडे पाहावें, हाच या इतिहासाचा बोध होय.